माशांचें नवें घर आणि जुनें विरजण

(नभोवाणीवरील भाषण)

दिवाणखान्यांत कांचेची टाकी ठेवून तींत रंगीत मासे पाळण्याची हौस आतां मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाहीं. अमरावतीहून नागपूरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे लागणाऱ्या आमच्या नांदगांव पेठेंतही ती येऊन पोंचली आहे. आरंभीं दोन फुटांची टाकी येते आणि तींत चार-सहा मासे सुखानें नांदूं लागतात. वर्ष-दोन वर्षांत ते वाढतात, मुलांचा जीव त्यांत गुंततो, आणि घरांतील मंडळी ठरवितात कीं, या मुक्या जीवांना आतां जरा प्रशस्त घर द्यावें. चार फुटांची नवी टाकी येते. जुनी वाळू, जुना स्पंज सर्व कांहीं नळाखालीं लखलखीत धुतलें जातें. कित्येक घरीं तर तें कळकट दिसतें म्हणून फेंकूनच दिलें जातें. मासे नव्या पाण्यांत सोडतात. दोन दिवस घरांत आनंदीआनंद असतो. चौथ्या-पांचव्या दिवशीं मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन धापा टाकूं लागतात, आणि पंधरवडा लोटण्यापूर्वीं त्यांतील निम्मे-अधिक मरून तरंगतात.

अशा वेळीं घरांत नाना तर्क निघतात. कोणी म्हणतें, नवें घर त्यांना लाभलें नाहीं. कोणी म्हणतें, घरावर येणारें अरिष्ट माशांनीं आपल्या अंगावर घेतलें. अशा बोलण्यानें दुःखी मनाला थोडा धीर येतो, हें मी नाकारीत नाहीं. परंतु त्यामुळें खरें कारण झांकलें जातें आणि पुढच्या खेपेस पुन्हां तेच मासे, तोच प्रकार! रडणाऱ्या मुलाला अरिष्टाची गोष्ट सांगण्यापेक्षां खरें कारण सांगितलें, तर पुढच्या वेळीं त्याच्या हातून एक जीव वांचेल. तेव्हां तें कारण काय, आणि मासे मोठ्या टाकींत हलवितांना काय केलें असतां हा अनर्थ टळतो, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम मासा पाण्यांत काय टाकतो तें पाहूं. आपण खाल्लेल्या अन्नांतील नत्राचा निरुपयोगी भाग मूत्रावाटे जातो. माशाच्या बाबतींत त्याचा मोठा भाग अमोनियाच्या रूपानें कल्ल्यांतून थेट पाण्यांत उतरतो. सकाळीं गोठ्यांत शिरतांना नाकाला जो झणका बसतो, तो याच वायूचा होय. न खाल्लेलें अन्न टाकीच्या तळाशीं कुजतें, त्यांतूनही अमोनियाच निघतो. नदींत किंवा तळ्यांत तो अफाट पाण्यांत विरून जातो. कांचेच्या चार भिंतींत मात्र तो सांचतो आणि माशाचे कल्ले जाळूं लागतो. म्हणजे टाकींतला मासा आपल्याच उत्सर्गांत कोंडलेला असतो. आणि तरीही जुन्या टाकींत तो वर्षानुवर्षें जगतो. तो कशाच्या बळावर जगतो, हाच खरा प्रश्न आहे.

याचें उत्तर मिळण्यास बराच काळ लागला. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८४९ सालीं बारा गॅलनांच्या एका पात्रांत दोन लहान गोल्डफिश, एक पाणवनस्पति आणि सडकीं पानें खाणाऱ्या गोगलगाई एकत्र ठेवून पाहिल्या, आणि वनस्पति व प्राणी परस्परांना कसे जगवितात याचें वर्णन पुढील वर्षीं प्रसिद्ध केलें. घरगुती मत्स्यपालनाचा पाया तेथें घातला गेला. परंतु या व्यवहारांत न दिसणारा एक तिसरा भागीदार आहे, हें त्या वेळीं कोणाला ठाऊक नव्हतें.

तो भागीदार मैलापाण्याच्या एका प्रयोगांत सांपडला. १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लोझिंग आणि म्युंट्झ या दोघांनीं एका लांब नळींत वाळू व चुनखडी भरून तींतून मैलापाणी हळुहळू झिरपूं दिलें. वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. वर जेवढा अमोनिया, तेवढाच खालीं. नंतर मात्र खालच्या पाण्यांतून अमोनिया नाहींसा होऊन त्याच्या जागीं नायट्रेट हा निरुपद्रवी क्षार येऊं लागला. हें काम केवळ वाळूचें असतें, तर तें पहिल्याच दिवशीं झालें असतें. त्यांनीं नळींत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हां काम थांबलें. ती काढून टाकून सुपीक मातीचें थोडें पाणी ओतल्यावर कांहीं दिवसांनीं तें पुन्हां सुरू झालें. यावरून हें काम सजीव सूक्ष्म जंतूंचें आहे, हें सिद्ध झालें. योगायोग असा कीं, इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत ज्या शास्त्रज्ञानें हें काम दोन पायऱ्यांनीं होतें असें दाखविलें, तो त्याच वॉरिंग्टनचा मुलगा. त्याचेंही नांव रॉबर्टच! पुढें १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें हे जंतु वेगळे काढून दाखविले.

या दोन पायऱ्या लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात. हें नायट्राइटही विषारीच. तें रक्तांत शिरून रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति हिरावून घेतें, म्हणून भरपूर हवा सोडलेली असूनही मासा धापा टाकतो. दुसऱ्या जातीचे जंतु त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. नायट्रेट थोड्या प्रमाणांत माशांना सोसतें. तें पाणवनस्पति शोषून घेतात, आणि उरलेलें आपण ठराविक दिवसांनीं थोडें पाणी बदलून काढून टाकतों. हें संशोधन अजून संपलेलें नाहीं. २००५ सालीं अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथील सार्वजनिक मत्स्यालयाच्या टाकींतून हेंच काम करणारा एक अगदीं निराळ्या कुळांतील जीव मिळाला. आणि २०१५ सालीं दोन्ही पायऱ्या एकट्यानेंच पार पाडणारे जंतु सांपडले, त्यांतील कांहीं मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलेच होते.

वऱ्हाडांतील श्रोत्यांना हे जंतु परके वाटण्याचें कारण नाहीं. उकिरड्याचें खत शेतांत पडल्यावर त्यांतील अमोनियाचें नायट्रेट करून तें कपाशीच्या मुळांना पोंचविणारे जंतु याच वर्गांतले. जुन्या गोठ्याच्या भिंतींवर व ओलसर जमिनीवर जो पांढरा सोरा फुलतो, तोही यांच्याच उद्योगाचें फळ होय.

आतां मुख्य मुद्दा असा कीं, टाकींत हे जंतु राहतात कोठें? ते पाण्यांत मोकळे फारच थोडे असतात. चिकटून राहण्यास जेथें पृष्ठभाग मिळतो, आणि जेथून प्राणवायूनें भरलेलें पाणी सतत वाहतें, तेथें ते बिऱ्हाड करतात. असें सर्वोत्तम ठिकाण म्हणजे फिल्टरमधला स्पंज आणि चिनी मातीचीं सच्छिद्र कडीं. त्या खालोखाल तळाची वाळू. त्या स्पंजावर जो तपकिरी बुळबुळीत थर दिसतो, तो नुसता मळ नसतो. त्यांतच हे जंतु नांदत असतात. तोच स्पंज नळाखालीं चोळून धुतला कीं, पाण्यांतला क्लोरिन त्यांतील पुष्कळांचा नाश करतो, आणि टाकी एका दिवसांत अनाथ होते. पाणी तर आरशासारखें स्वच्छ दिसतें, पण विष डोळ्यांना दिसत नाहीं.

आपल्या घरांतील गृहिणींना हें समजावून सांगावयास नको. मोठ्या भांड्यांत दहीं लावावयाचें असेल तर त्या जुन्या वाडग्यांतलें विरजण घासून टाकीत नाहींत. तेंच नव्या दुधांत घालतात. जुना स्पंज हें माशांच्या टाकीचें विरजण होय. फरक एवढाच कीं, दह्याचे जंतु तासा-दीड तासांत दुप्पट होतात, म्हणून रात्रींतून दहीं लागतें. हे जंतु मोठे मंद. त्यांना दुप्पट होण्यास अनुकूल स्थितींतही दिवसाच्या आसपास, पुष्कळदां त्याहूनही अधिक वेळ लागतो. म्हणून अगदीं नव्या टाकीची व्यवस्था बसण्यास चार ते सहा आठवडे जातात. श्लोझिंग-म्युंट्झच्या नळींतले वीस दिवस आठवावे. एवढ्या काळांत बिचारे मासे टिकावे कसे?

येथें एक शंका येणें साहजिक आहे. टाकी मोठी झाली, तर जंतुही तितक्याच पटीनें अधिक नकोत काय? नकोत. जंतूंची संख्या टाकीच्या लांबी-रुंदीवर ठरत नाहीं. ती त्यांना मिळणाऱ्या अमोनियावर, म्हणजे मासे किती आणि आपण त्यांना अन्न किती घालतों यावर ठरते. मासे तेच, अन्न तेवढेंच, तर जुन्या फिल्टरमधील जंतु नव्या टाकीलाही पुरतात. उलट मोठ्या टाकीचा एक लाभच आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच टाकींत अडीच घनफूट, म्हणजे सुमारें ७० लिटर पाणी मावतें. चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद व उंच टाकींत नऊ घनफूट, म्हणजे सुमारें २५५ लिटर. तेवढाच अमोनिया साडेतीन पटींहून अधिक पाण्यांत पसरला म्हणजे त्याची तीव्रता तितकीच कमी होते. म्हणून मोठें घर माशांना मारीत नाहीं. त्यांना मारते ती आपली अस्थानीं स्वच्छता, आणि टाकी रिकामी दिसते म्हणून त्याच दिवशीं आणलेले नवे दहा मासे.

दुसरा गैरसमज जुन्या पाण्याविषयींचा. कित्येक जण जुन्या पाण्याचा थेंबन्‌थेंब जपतात आणि स्पंज मात्र फेंकून देतात. जुन्या पाण्यांत जंतु थोडे, म्हणून विरजण या नात्यानें त्याची किंमत फारशी नाहीं. मात्र माशाच्या शरीराला त्या पाण्याची संवय झालेली असते, एवढ्यासाठीं त्यांतील कांहीं भाग नव्या टाकींत घालणें इष्ट होय.

पाण्याचा विचार आपल्या प्रांतांत विशेष केला पाहिजे. अमरावती शहराला नळाचें पाणी मोर्शीजवळच्या सिंभोरा येथील ऊर्ध्व वर्धा धरणांतून येतें, तर पुष्कळ घरीं विहिरीचें किंवा बोअरचें पाणी वापरतात. नळाच्या पाण्यांत क्लोरिन असतो. तें उघड्या भांड्यांत हवा सोडून दिवसभर ठेवावें, किंवा फोटोग्राफीवाले ज्याला हायपो म्हणतात त्या सोडियम थायोसल्फेटचे थेंब दुकानदाराच्या चिठ्ठीवर दिलेल्या प्रमाणांत घालावे. विहिरीच्या पाण्यांत क्लोरिन नसला तरी तें बहुधा जड आणि विम्ल असतें. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्ट्यांत तर तें खारटच. विम्लतेचा अंक, ज्याला शेतकी खात्यांतील मंडळी सामू म्हणतात, तो येथें फार महत्त्वाचा आहे. पाणी २५ अंश उष्ण आणि सामू ७ असतांना एकूण अमोनियापैकीं शेंकडा अर्ध्याच्या आसपास भाग विषारी रूपांत असतो. सामू ८ झाला कीं तोच शेंकडा पांचाहून अधिक होतो. म्हणजे तोच अमोनिया सुमारें दसपट घातक ठरतो. म्हणून ज्या पाण्यावर मासे वाढले, त्याच ठिकाणचें पाणी नव्या टाकींतही वापरावें. स्थलांतराच्या दिवशीं नळ सोडून विहिरीकडे, किंवा विहीर सोडून नळाकडे वळूं नये.

ऋतूचाही विचार हवा. पाणी जितकें ऊन, तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो. २५ अंशांच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु राहतो, ३५ अंशांवर तो ७ मिलिग्रॅमच्या आसपास येतो; आणि माशांप्रमाणेंच या जंतूंनाही प्राणवायु लागतो. अकोल्याचा वैशाख ज्यांनीं पाहिला आहे त्यांना अधिक सांगणें नलगे. शक्य तर हें काम पावसाळा संपल्यावर करावें. उन्हाळ्यांत करणें भागच पडलें तर पहांटे करावें, आणि वीज जाण्याची वेळ टाळावी.

आतां प्रत्यक्ष कृति. आदल्या दिवशीं नवी टाकी जागेवर मांडावी. भरलेल्या टाकीचें वजन पाणी, कांच व वाळू मिळून तीन क्विंटलांच्या पुढें जातें, म्हणून मेज भक्कम व सपाट असावें आणि टाकीखालीं थर्माकोलचा तक्ता घालावा. टाकी साबण न लावतां साध्या पाण्यानें धुवावी, आणि भरून एक अहोरात्र ठेवून गळते कीं काय तें पाहावें. गळत नसेल, तर तींतील पाण्याचा क्लोरिन काढून तें पाऊणभर राहूं द्यावें. त्या दिवशीं माशांना अन्न घालूं नये; रिकाम्या पोटीं प्रवास सोपा जातो.

दुसऱ्या दिवशीं साबणाचा कधींही स्पर्श न झालेल्या दोन बादल्या घ्याव्या. जुन्या टाकींतील वरचें नितळ पाणी दोन्ही बादल्यांत काढावें. एकींत मासे हलक्या हातानें घ्यावे, हवेची नळी सोडावी, आणि ते उडी मारूं नयेत म्हणून वर फडकें झांकावें. दुसऱ्या बादलींत फिल्टरमधला स्पंज व कडीं पाण्याखालीं बुडवून ठेवावीं आणि तेथेंही हवा सोडावी. हीं क्षणभरही सुकूं देऊं नयेत, उन्हांत ठेवूं नयेत, प्लॅस्टिकच्या पिशवींत तोंड बांधून ठेवूं नयेत. हवा बंद झाली कीं हे जंतु गुदमरतात. स्पंज फारच तुंबलेला असेल तर जुन्या टाकीच्याच पाण्यांत दोन-तीनदां हलकेच पिळावा, त्याहून अधिक नाहीं.

वाळूला हात घालावयाचा तो मासे बाहेर काढल्यानंतरच. तिच्या खालच्या थरांत हवा पोंचत नाहीं, तेथें सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायु दडलेला असूं शकतो. ती जुन्याच पाण्यांत खळबळून, गढूळ पाणी ओतून देऊन, मग नव्या टाकींत पसरावी. त्यानंतर जुना फिल्टर नव्या टाकींत लावून लगेच सुरू करावा. हें सर्व तासाभरांत उरकावें. शेवटीं माशांच्या बादलींत नव्या टाकींतलें पाणी वाटी-वाटीनें घालीत जावें. पाऊण-एक तासांत दोन्हीं पाण्यांची उष्णता व गुण जुळले म्हणजे मासे सोडावे. दिवा त्या रात्रीं लावूं नये.

चार फुटांच्या टाकीला नवा, मोठा फिल्टर हवा असतो. तो अवश्य बसवावा. परंतु जुना काढूं नये. दोन्ही शेजारीं-शेजारीं निदान सहा आठवडे चालूं द्यावे, म्हणजे नव्यांत आपोआप जंतूंची वस्ती होते. घरांत दोन यंत्रांचा आवाज नको असेल, तर जुना स्पंज कापून नव्या फिल्टरच्या पोटांत बसवावा. पुढें स्पंज बदलण्याची वेळ आली तरी एका वेळीं तिसऱ्या हिश्शाहून अधिक बदलूं नये.

पहिले पंधरा दिवस अन्न निम्मेंच घालावें. दुकानांत अमोनिया व नायट्राइट तपासण्याचीं थेंबांचीं औषधें मिळतात. आरंभीं तीं दिवसाआड वापरावीं. दोहोंपैकीं एकाचा जरी रंग उमटला, तरी त्याच दिवशीं चौथा हिस्सा पाणी बदलावें आणि एक दिवस अन्न बंद ठेवावें. वीज कांहीं तास बंद राहिल्यावर बंदिस्त फिल्टर तसाच सुरू करूं नये. आंत कोंडलेलें पाणी शिळें व दूषित झालेलें असतें, तें ओतून मग सुरू करावा. नवे मासे महिनाभर आणूं नयेत, आणि नंतरही एका वेळीं दोन-दोनच आणावे, म्हणजे जंतूंनाही वाढण्यास अवसर मिळतो. रिकामी झालेली जुनी टाकी विकूं नये. नवा मासा तींत दोन-तीन आठवडे वेगळा ठेवला, तर त्याचा रोग सर्वांना लागत नाहीं.

ज्यांच्याजवळ जुना स्पंज नाहीं त्यांनीं काय करावें, असें कोणी विचारील. बाटलींत भरलेले जंतु बाजारांत मिळतात. त्यांतील कांहीं उपयोगी पडतात, कांहीं पडत नाहींत. त्याहून भरंवशाचा मार्ग आपल्या आळींतच आहे. शेजाऱ्याच्या टाकींतले मासे वर्षभर निरोगी असतील, तर त्याच्याकडून स्पंजाचा एक तुकडा मागून आणावा. घरांत विरजण नसलें म्हणजे वाटी घेऊन शेजारीं जाण्याची रीत आपल्याकडे आहेच.

मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उघडलें, आणि नूतनीकरणानंतर २०१५ सालीं तेथें पारदर्शक बोगदाही झाला. महाराष्ट्रांतील किती तरी मुलांनीं कांचेला नाक लावून पहिला मासा तेथें पाहिला असेल. अशा कोणत्याही मोठ्या मत्स्यालयांत माशांना जिवंत ठेवणारें काम प्रेक्षकांच्या दृष्टीआड, फिल्टरच्या थरांत चालूं असतें. आपल्या दिवाणखान्यांतल्या टाकीचेंही तसेंच आहे. तेव्हां श्रोतेहो, ज्या दिवशीं आपल्या घरीं मोठी टाकी येईल, त्या दिवशीं मुलांना जवळ बोलवावें, तो कळकट स्पंज बादलींत कां बुडवून ठेवला आहे तें त्यांना समजावून सांगावें, आणि तो नळाखालीं धरण्यास निघालेल्या हाताला वेळींच थांबवावें.